तोंड ज्याचं त्यानं काढायचं

४ मार्च

चि. धाकट्यास,

ताईचे अ. उ. आ. पोहोचल्याचं एका ओळीचं कार्ड टाकायलाही तुला सवड झाली नाही, तरी आशीर्वाद देते आहे. अशी बहीण शोधून सापडायची नाही.

तू गेल्यावर घर फार मोठं वाटायला लागलंय. बाबांची खोली मी झाडून घेतली, औषधांच्या बाटल्या टाकून दिल्या, पण पलंग काही हलवता आला नाही. मी हात लावला की आई दारात येऊन उभी राहते. नुसती उभी राहते, आणि मी पलंग तसाच सोडून बाहेर येते. बाबा गेल्यापासून ती रडलेली नाही हे तू पाहिलंच आहेस. तू होतास तोवर निदान तुझ्या जेवणाखाण्याची चौकशी तरी करत होती. आता तेही नाही. समोर ठेवलं तर दोन घास खाते, विचारलं तर मान हलवते. आणि संध्याकाळी रेडिओवर समुद्रातल्या हवामानाच्या बातम्या लावून बसते. बाबा ऐकायचे तेव्हा हीच कटकट करायची, की नोकरी सुटली तरी यांचं वादळ काही सुटत नाही. आता स्वतःच कान देऊन ऐकते, लाटा किती उंच आहेत ते. मला ते बघवत नाही रे. मी तेवढा वेळ दुकानातच थांबते आणि पुसलेल्या चष्म्यांच्या काचा पुन्हा पुसत बसते.

परवा घशाच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर घरी आल्या होत्या, बाबांच्या चपला आणि चष्म्याचं घर द्यायला. सांगत होत्या की वॉर्ड अगदी सुना झालाय, ऑपरेशननं आवाज गेलेली माणसं हातवारे करून विचारतात की कॅप्टन कुठे गेले. बाबांची सगळी नोकरी नौदलाच्या जहाजाच्या तळाशी, इंजिनरूममध्ये, तेलात आणि उकाड्यात गेली. खऱ्या कॅप्टनचं दर्शन त्यांना कधीमधीच झालं असेल. पण वॉर्डानं त्यांना परस्पर बढती देऊन टाकली होती. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी कागद-पेन्सिल घेऊन तिकडे जायचे आणि त्या न बोलणाऱ्या माणसांची व्यंगचित्रं काढून त्यांना हसवायचे. तिथे दाखल असलेल्या एका बस कंडक्टरला एकदा त्यांनी असा काढला, की बस पुढे पळतेय आणि हा शिट्टी गिळून मागून धावतोय. तो हसून हसून इतका खोकला की सिस्टरांनी बाबांनाच दम भरला.

आता मुद्द्याचं. सिस्टर बोलता बोलता सांगून गेल्या, की बाबा स्वतः छातीच्या वॉर्डात पडलेले असताना, अगदी शेवटी, त्यांनी एक चित्र काढलं. हात थरथरत होता म्हणून रोज थोडंथोडं करत होते. ते चित्र आईचं होतं आणि ते त्यांनी तुझ्याकडे दिलं. सगळ्या जगाला त्यांनी काढलं, पण आईचं चित्र जन्मात काढलं नव्हतं. आई स्वयंपाकघरात होती. ती हात पुसत बाहेर आली आणि तिनं विचारलं, की कुठे आहे ते? कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडून शब्द फुटला. त्यानंतर पुन्हा गप्प, पण पोस्टमन यायच्या वेळी खिडकीत जाऊन उभी राहते.

धाकट्या, चित्र असेल तर पाठव. नीट जपून, काही खराब होणार नाही असं करून पाठव. आई कशानं सावरलीच तर त्या चित्रानं सावरेल, असं माझं मन सांगतंय. डॉक्टरांच्या गोळ्यांवरचा माझा विश्वास उडालाय.

तब्येत सांभाळ. भांडायला तू एकटाच आहेस, तेव्हा माया असू दे.

तुझी,
ताई


१० मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. कार्ड टाकलं नाही म्हणून कान धरले आहेत, तिथून दिसत नसले तरी. इथे साइटवर आलो तो आम्ही खणतोय त्या बोगद्यात पाणी शिरलेलं. तेव्हापासून आम्ही सगळे पंपांच्या मागे. फोन फक्त मोठ्या साहेबांच्या खोलीत आहे, आणि त्यांच्यासमोर बसून घरच्यांशी बोलायला लागलो तर माझा बांध फुटेल, म्हणून पत्रच लिहितो.

चित्र माझ्याकडेच आहे. तिथेच आईला द्यायचं होतं, पण तसं देववेना. का ते सांगतो.

शेवटच्या दिवसांत एकदा तू हॉस्पिटलातून डबा आणायला घरी गेली होतीस. बाबांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. त्यांनी उशीखाली चाचपून कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. आई हुबेहूब होती ग. अंगात जहाजाच्या कॅप्टनचा कोट, कमरेवर हात, नाकावर घसरलेला चष्मा, कपाळावर ती आपल्या ओळखीची आठी. आणि तिच्या पायाशी एक टिचभर खलाशी फरशी पुसतोय, ते बाबा. मी हसलो. मग बघतो तर आईच्या चेहऱ्याला तोंडच नाही. हनुवटीवरचा तीळसुद्धा आहे आणि ओठांच्या जागी कोरा कागद. बाबांनी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं, मग दाराकडे दाखवलं, आणि पेन्सिल माझ्या मुठीत दाबली. बोलता तर येत नव्हतं. मी समजलो, की माझा हात आता चालत नाही, मी निघालो, तू पुरं कर, असं म्हणताहेत. मी हो म्हणालो. त्यांनी डोळे मिटले. मग ते धड शुद्धीवर आलेच नाहीत.

ताई, आयुष्यात बाबांनी मला असं एकच काम सांगितलं. आणि माझा हात कसा ते तुला माहीत आहे, माझ्या मांजराला लोक बादली समजतात. म्हणून इथल्या ड्रॉइंग ऑफिसातल्या ड्राफ्ट्समनला गळ घातली. देवमाणूस आहे. माझ्या पाकिटात आईचा तो फोटो आहे ना, मला नोकरी लागली तेव्हाचा, ज्यात ती खळखळून हसतेय, तो त्याला दिला. त्यानं तेच हसू चित्रात आणलं. आणि पेन्सिल पुसट होत जाते म्हणून सगळ्या रेघांवरून काळी पक्की शाई फिरवली. बाबांच्या थरथरत्या रेघा आता कशा ठाम दिसतात म्हणून सांगू. सुतारानं चौकट केली, काच बसवली. तू म्हणालीस तसं आता काही खराब व्हायचं नाही.

पुढच्या आठवड्यात आमचा ट्रक माल आणायला तिकडे येतोय. ड्रायव्हर स्वतः घरी आणून देईल. आईला आधी सांगू नकोस, तिला एकदम बघू दे. मला सारखं वाटतंय की ती हसेल.

आईला नमस्कार. तुझा रागही हवा आणि जीवही, दोन्ही पाठवत राहा.

तुझा,
धाकटा


१५ मार्च

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. ट्रक निघाला नसेल तर आधी धावत जा, ते खोकं उतरवून घे, आणि मग हे पत्र वाच.

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि तिथेच जमिनीवर बसले. मालकांनी खुर्ची दिली. तुझ्यावर मी रागावलेली नाही. तुला माहीत असणार असं मी धरूनच चालले होते. पण तू इतक्या लहानपणी बोर्डिंगात गेलास, की तुला हे कुणी सांगितलंच नसणार, हे आज माझ्या डोक्यात शिरतंय. तू वॉर्डात पाहिलीस ती भिंतीवर लागलेली, पुरी झालेली चित्रं.

बाबा तोंड काढायचेच नाहीत. कुणाचंच नाही. ही इंजिनरूममधली सवय. तिथे यंत्रांचा आवाज एवढा, की शेजारच्याला बोंबलून विचारलं तरी ऐकू जात नाही. एखाद्या खलाशाला घरून वाईट खबर आलेली असायची आणि तो तसाच मुकाट काम करत असायचा. मग बाबा खडूनं लोखंडी पत्र्यावर त्याचा गमतीदार चेहरा काढायचे, तोंडाची जागा मोकळी सोडायचे आणि खडू त्याच्या हातात द्यायचे. म्हणजे विचारायचे, की कसा आहेस. तो वर वळलेली रेघ काढायचा, नाहीतर सरळ, नाहीतर खाली वळलेली. खाली वळलेली निघाली, की बाबा आपली पाळी संपली तरी त्याच्याजवळून हलायचे नाहीत. घशाच्या वॉर्डात त्यांनी तेच केलं. ज्याला बोलता येत नाही त्याला कसा आहेस म्हणून आणखी कसं विचारणार? तोंड ज्याचं त्यानं काढायचं, हा त्यांचा नियम. आणि पेन्सिलीनंच, कारण आजचं तोंड उद्या राहत नाही. त्या कंडक्टरनं आपलं तोंड इतक्यांदा खोडलं आणि काढलं, की कागदाला तिथे भोक पडलं.

आता कळलं ना तुला? दाराकडे बोट दाखवलं ते घराकडे. पेन्सिल दिली ती आईसाठी. ते गेल्यावर ही बाई कुणापाशी मन मोकळं करणार नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. म्हणून जाता जाता ते तिला विचारून ठेवत होते, की कशी आहेस. आणि तिचं उत्तर तुमच्या ड्राफ्ट्समननं देऊन टाकलं, तेही पक्क्या शाईत.

फार कडू लिहिते आहे, पण गोड कसं लिहू ते सुचत नाही. आईला मी काही बोललेले नाही. काल तिनं बाबांच्या डब्यातली एक पेन्सिल काढली, बराच वेळ बसून तिला छान टोक केलं आणि खिडकीत ठेवून दिली. मी न्हाणीघरात नळ सोडून रडून घेतलं.

थांबवता आलं तर थांबव. नाही आलं तर तसं कळव, मी तिला आधी सांगेन. माझं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस, प्रेम होतं तेवढंच आहे.

तुझी,
ताई


२० मार्च

ती. ताईस,

सा. न. ट्रक कालच गेला. पत्र हातात पडल्यावर साहेबांची जीप घेऊन घाटाखालच्या नाक्यापर्यंत गेलो. तिथल्या माणसानं सांगितलं की ट्रक केव्हाच पार झाला. परत येताना रस्त्यात गाडी थांबवून बसलो होतो.

मी तुझ्याशी भांडणार नाही, पण एक विचारतो. मला कुणीच का सांगितलं नाही? वॉर्डातल्या परक्या माणसांना ते रोज विचारायचे. जहाजावरच्या प्रत्येकाला विचारलं असेल. माझं एक तरी चित्र त्यांनी काढलं का ग? तोंड असलेलं, नसलेलं, कसलंही? बोर्डिंगात मुलांना घरून पत्रं यायची तशी मलाही यायची. बाबांच्या पत्रात जहाज असायचं, मासे असायचे, चुकून डेकवर उतरलेला पक्षी असायचा. मी कधीच नसायचो. मला वाटायचं, माझा चेहरा काढण्यासारखा नाही. मोठा झाल्यावर वाटेनासं झालं. त्यांनी पेन्सिल हातात दिली तेव्हा ते सगळं धुऊन निघालं होतं, ताई. मला वाटलं, शेवटी का होईना, त्यांना माझी आठवण झाली. आणि ती पेन्सिलही माझी नव्हती.

आईला सांग, हे मी केलं. ड्राफ्ट्समनला मधे आणू नकोस, तो बिचारा विचारतो की आईंना आवडेल ना. मी त्याला हो म्हणालोय.

मे महिन्यातली रजा मी रद्द करतो आहे. आईपुढे कोणत्या तोंडानं उभा राहू? तिच्यासाठी त्यांनी मागे ठेवलेली एकच गोष्ट होती, ती मी संपवली. तुम्ही दोघी एकमेकींना सांभाळा. पैसे पाठवत जाईन.

मला विसरू नका, एवढंच मागणं.

धाकटा


२४ मार्च

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. पैसे पाठवत जाईन म्हणे. फार मोठा झालास. ते वाक्य मी वाचलंच नाही असं समजते.

परवा दुपारी ड्रायव्हर खोकं घेऊन आला. तुझं पत्र तेव्हा आलेलं नव्हतं, त्यामुळे आईला आधी सांगायचं माझ्याकडून राहिलं. मी दुकानातून येईपर्यंत तिनं दोरी सोडलेली होती. चौकट मांडीवर घेऊन बसली होती आणि हातात टोक केलेली पेन्सिल होती. काच बघून तिला वाटलं असावं, की मागून उघडता येईल.

मी तिच्याजवळ खाली बसले आणि सगळं सांगितलं. तुझ्या पत्रातलं, बाबांनी बोट कसं ठेवलं, तू काय समजलास, फोटो कुठला दिला. ती ऐकत होती का ते कळत नव्हतं. तिनं काचेवरून बोट फिरवलं, कोटाच्या बटणांवरून, तिळावरून, मग त्या हसण्यावर येऊन थांबली. विचारलं, की हे निघेल का? मी दुकानातलं भिंग आणलेलं होतं. त्यातून पाहिलं तर शाईखाली बाबांची पेन्सिल दिसते, हललेली, जिथे जिथे दम लागला तिथे तुटलेली. बाकी सगळीकडे ती आहे, फक्त ओठांखाली काही नाही. शाई कागदात मुरलीय. मी तिला खरं ते सांगितलं, की नाही निघणार.

तेव्हा ती रडली. धाय मोकलून रडली. शेजारची दोन माणसं दारात येऊन उभी राहिली, त्यांना मी हातानंच जा म्हटलं. एवढ्या दिवसांचं सगळं एकदम आलं. मधे एकदाच बोलली, ते जसंच्या तसं लिहिते, "अख्ख्या संसारात त्यांनी मला एकदाच विचारलं."

मग उठून तोंड धुतलं, चौकट घेतली आणि बाबांच्या खोलीत जाऊन दार लावलं. ती तुझ्यावर रागावली आहे का, मला खरंच माहीत नाही. रात्री जेवली. तुझं पत्र काल आलं ते मी तिला वाचून दाखवलं, रजेचंसुद्धा. तू नको म्हणाला असतास, पण या घरात न सांगण्यानं बरंच वाटोळं झालंय. तिनं पत्र माझ्या हातातून काढून घेतलं आणि सांगितलं, की उत्तर मी देईन, तू लुडबुड करू नकोस.

तेव्हा वाट बघ. माझा लोभ आहेच, चिवट आहे, तुझ्या रुसण्यानं तुटायचा नाही.

तुझी,
ताई


२ एप्रिल

चि. धाकट्यास,

आईचे आशीर्वाद. अक्षर वाकडं आलंय, तसंच वाच. ताईकडून लिहून घेतलं असतं, पण ती मधेमधे स्वतःचं घुसडते. लिहायला बसले आणि चार वेळा उठले, म्हणून उशीर झाला.

ड्रायव्हर परवा पुन्हा येऊन गेला, सांगत होता की तू धड जेवत नाहीस, बोगद्यातून वर येत नाहीस. हे थेर बंद कर. उपाशी राहून कुणाचं काही परत येत नाही, मी करून पाहिलंय.

चित्र पलंगासमोर लावलंय. ती बाई फार हसते. मी कधी इतकी हसले असते तर ह्यांनी घाबरून मला डॉक्टरकडे नेलं असतं. पण काम चोख आहे, तुझ्या त्या मित्राला तसं सांग, त्याला खोटं हो सांगायचं कारण नाही. खोटं कशाला बोलू, मला राग आला होता. तुझा आला, ह्यांचा आला, त्या सुताराचासुद्धा आला. आता तुझा राहिलेला नाही. मरणाऱ्या माणसानं पेन्सिल हातात दिली तर कुठलंही पोर तेच समजेल.

तू विचारलंस की तुझं चित्र का काढलं नाही. काढलं होतं. तू बोर्डिंगात जायच्या आदल्या दिवशी. ते रजेवर होते. तू ट्रंकेवर बसला होतास, पाय जमिनीला पोहोचत नव्हते, तसाच काढला. कान मोठे काढले होते. सगळं काढून झालं, तोंडाची जागा सोडली, तुझ्याकडे यायला उठले आणि दारातूनच माघारी फिरले. मी म्हटलं, द्या ना त्याला. तर म्हणाले, की यानं खाली वळलेली रेघ काढली तर मी त्याला पाठवू शकणार नाही, आणि न पाठवून चालणार नाही. चुलीत घातला तो कागद. त्या संध्याकाळी मी त्यांच्याशी बोलले नाही. नंतर तुला लिहिताना पक्षी आणि मासे काढायचे, कारण त्यांना विचारावं लागत नाही. तुझी आठवण नव्हती असं पुन्हा कधी मनात आणू नकोस. तुला विचारायची त्यांची छातीच झाली नाही.

आणि माझं. लग्नानंतर मीच एकदा म्हटलं होतं, की माझं काढा. तर म्हणाले, की घरात कुठे इंजिनाचा आवाज आहे? तुला काही झालं तर तू सांगशीलच. मी म्हटलं, सांगेन की. आणि कधी सांगितलं नाही. ते समुद्रावर, त्यांच्या जिवाला घोर कशाला, म्हणून प्रत्येक पत्रात इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची. ताईचं दुखणं झालं तेव्हा ठीक. माझी आई गेली तेव्हा ठीक. ते कायमचे घरी आले तरी तीच सवय राहिली. मला वाटायचं, त्यांना खरंच ठीक वाटतंय. चित्र पाहिलं तेव्हा कळलं, की त्यांना सगळं ठाऊक होतं आणि ते वाट बघत होते. हे मला फार लागलंय रे. तुझ्या शाईपेक्षा हे जास्त लागलंय.

त्या कोऱ्या जागेत मी काय काढलं असतं ते तुला सांगते, कारण आता त्यांना सांगता येत नाही. मी बरी नाही. सकाळी उठवत नाही. अन्न गळ्याखाली उतरत नाही. मला ते हवे आहेत. लोक म्हणतात, त्यांचं वय झालं होतं, त्रास संपला. मला ते त्रासासकट हवे आहेत.

रजा रद्द केली असशील तर परत माग. नाही मिळाली तरी ये. आल्यावर मला काही सांगू नकोस, समजावू नकोस. माझ्याजवळून हलू नकोस, एवढं कर.

आई